उन्हाळ्यांतील एक दिवस : लहान वाडीवरील कामें व त्यांमागील कारणें

खळीं आटोपलीं, कडब्याची गंज रचून झाली, म्हणजे मृग निघेपर्यंत शेतकऱ्यास फुरसत, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. मोठ्या कोरडवाहू शेतापुरती ती कांहीं अंशीं खरीहि असेल. परंतु नोकरी अगर धंदा सांभाळून हौसेनें राखलेल्या एक-दोन एकरांच्या वाडीस ती मुळींच लागू पडत नाहीं. अशा वाडीवर एखादी गाय, एखादी म्हैस, दहा-वीस कोंबड्या, भाजीचे चार वाफे व आंब्या-चिकूचीं कांहीं झाडें एवढाच प्रपंच असतो. पण तो सर्व जिवंत असल्यामुळें त्यास सुट्टी ठाऊक नसते. वैशाखांतील एका दुपारच्या हयगयीनें वर्षभर जोपासलेलें जनावर हातचें जाऊं शकतें. म्हणून अशा दिवसाचीं कामें कोणत्या क्रमानें करावीं व तीं त्याच क्रमानें कां करावीं, याचा विचार आम्ही येथें करीत आहों.

पहाट.

सूर्योदयाच्या आगेमागेंचे दोन-तीन तास हेंच उन्हाळी दिवसाचें खरें भांडवल होय. गोठ्यांतील शेण काढून, गव्हाण झाडून जनावरांपुढें प्रथम ताजें पाणी ठेवावें. गाईच्या दुधांत शेंकडा सुमारें ८७ व म्हशीच्या दुधांत सुमारें ८३ भाग पाणीच असतें. तेव्हां पाण्यांत केलेली कसर चरवींत दिसल्यावांचून राहत नाहीं. दिवसांतून दोन वेळां जनावर पाण्यावर नेण्याची रीत या दिवसांत पुरी पडत नाहीं. पाणी सावलींत सदैव त्याच्या तोंडाजवळ असावें. कोरडी वैरण पचवितांना जनावराच्या अंगांत बरीच उष्णता उत्पन्न होते. याकरितां तिचा मोठा वाटा पहाटे व सूर्यास्तानंतर घालावा, भर दुपारीं घालूं नये.

हिरव्या वैरणीविषयीं एक इशारा दिला पाहिजे. पाण्याचा ताण पडलेल्या कोवळ्या कडवळांत हायड्रोसायनिक आम्ल हें जालीम विष उत्पन्न करणारें द्रव्य असतें. भुकेलें जनावर अशा पिकांत शिरलें तर थोड्याच वेळांत धापा टाकूं लागतें, कोसळतें व दगावतें. कडवळ फुलोऱ्यावर आल्यावरच कापावें. तरीहि प्रसंग ओढवल्यास पशुवैद्यास जनावरानें काय खाल्लें तें प्रथम सांगावें. कारण या विषावर सोडियम थायोसल्फेटासारखा उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तरच उपयोगी पडतो.

धारा काढून झाल्या कीं वाफ्यांकडे वळावें. ऊन चढण्यापूर्वीं दिलेलें पाणी मुळांपर्यंत पोंचतें. अकरा वाजतां दिलेल्या पाण्याचा बराच भाग वाऱ्यावर जातो. वाफ्यांत पाचट किंवा वाळलेलें गवत चार बोटें जाड पसरावें. त्यामुळें जमिनीस ऊन व वारा थेट लागत नाहीं आणि ओल अधिक दिवस टिकते. नव्या आंब्याच्या कलमाशेजारीं झिलई न केलेलें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून, पाण्यानें भरून झांकून ठेवावें. माती जसजशी सुकेल तसतसें पाणी मडक्यांतून पाझरतें. जणूं काय झाड आपल्या तहानेप्रमाणेंच मागून घेतें.

पावसाळी रोपांचे वाफे जेथें करावयाचे ती जागा याच दिवसांत उन्हानें शुद्ध करून घेतां येते. जमीन भुसभुशीत करून, भिजवून, तिजवर पातळ पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चारहि कडा मातींत दाबून चार ते सहा आठवडे ठेवतात. इस्रायलांतील संशोधकांनीं १९७६ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली. कागद काळा नसून पारदर्शकच हवा, म्हणजे ऊन आंत शिरून थेट जमीन तापविते. आणि जमीन ओली हवी, कारण ओलीमुळें उष्णता खोल जाते व रोगजंतु आणि तणांचें बीं त्या उष्णतेस लवकर बळी पडतें. कोठें कागद फाटून वाफ जात नाहीं ना, एवढें रोज पहाटे पाहावें.

दुपार.

बारा ते चार या वेळांत माणसानें उन्हांत काम करूं नये. नांगरास जुंपलेल्या बैलांसहि हाच नियम आहे. मात्र वाडीच्या धन्यानें निजून राहावें असा याचा अर्थ नव्हे. कारण जनावरांची खरी कसोटी याच वेळीं असते.

कोंबडीस घाम येत नाहीं. तिच्या शरीराची नेहमींची उष्णताच ४१ ते ४२ अंश सेल्सिअस असते; छपराखालील हवा तितकी तापली म्हणजे चोंच उघडून धापा टाकण्यापलीकडे तिला उपाय राहत नाहीं. धापांबरोबर रक्तांतील कार्बन डायऑक्साइड वाजवीपेक्षां अधिक बाहेर पडतो व अंड्याचें कवच घडण्यांत व्यत्यय येतो; उन्हाळ्यांत कवच पातळ होतें त्याचें हें एक कारण. दाणा पचतांनाची उष्णता खाल्ल्यानंतर कांहीं तासांनीं वाढते. सकाळीं दहा वाजतां भरपेट दाणा दिल्यास ती नेमकी दुपारच्या उन्हास जाऊन मिळते. म्हणून दाणा पहाटे व दिवस मावळतांना द्यावा. मध्यंतरीं थंड पाणी मात्र तीन-चार वेळां बदलावें. पत्र्याचें छप्पर असल्यास त्यास चुन्याचा पांढरा हात द्यावा.

म्हशीची कातडी काळी व गाईच्या मानानें तिला घामाच्या ग्रंथी फार थोड्या. म्हणून डुंबणें हा तिचा आळस नसून गरज आहे. डोह नसेल तर दुपारीं दोनतीनदां अंगावर पाणी ओतावें. पाण्यांत बसलेली म्हैस डोळे मिटून रवंथ करूं लागली कीं पाहणाऱ्याचाहि शीण उतरतो. गोठ्यास ओलीं गोणपाटें बांधावीं, पण वाऱ्याची वाट मोकळी ठेवावी. गोणपाटांतील पाणी वाऱ्यानें सुकतांना हवा थंड होते; कोंडलेल्या गोठ्यांत तेंच पाणी दमटपणा वाढवून उलट अपाय करतें.

जनावर जीभ बाहेर काढून लाळ गाळूं लागलें, श्वास जलद झाला व तें डगमगूं लागलें, म्हणजे ऊन लागलें असें समजावें. त्यास सावलींत आणून अंगभर पाणी ओतावें, वारा घालावा व पशुवैद्यास बोलवावें. नळीनें जबरीनें पाणी पाजूं नये. तें श्वासनलिकेंत गेल्यास नवेंच संकट उभें राहतें.

उरलेला वेळ सावलींतील कामांचा. दोर वळणें, विळे-खुरपीं परजणें, आढींतील आंबे निवडणें, हीं कामें मुलांसहि आवडतात. बियाण्याची परीक्षाहि याच वेळीं करावी. सोयाबीनचे १०० दाणे दहा-दहाच्या ओळींनीं ओल्या गोणपाटांत गुंडाळून सावलींत ठेवावे व आठवड्यानंतर चांगले अंकुर मोजावे. ७० निघाले तर एकरीं ३० किलो बीं पुरतें. ६० च निघाले तर त्याच प्रमाणानें ३५ किलो लागेल. सोयाबीनचें टरफल नाजूक असल्यानें पोतें आपटूं नये. शंभर दाण्यांच्या या खर्चांत दुबार पेरणीचें एक कारण तरी टळतें.

संध्याकाळ.

ऊन कलल्यावर खताचा ढीग चाळवावा. सर ॲल्बर्ट हॉवर्ड हे १९२४ ते १९३१ पर्यंत इंदूर येथें असतां त्यांनीं बसविलेल्या पद्धतींत काडीकचरा व शेण यांचे थर रचून ते ठराविक दिवसांनीं वरखालीं करतात. चाळविल्यानें आंत हवा जाते, व कुजविणाऱ्या सूक्ष्म जीवांस हवा आणि ओल दोन्ही लागतात. ओल किती हवी? मूठभर खत दाबलें असतां हात ओला व्हावा, पण पाणी ठिबकूं नये.

आकाशाकडेहि नजर असावी. वळीव येतो तो बहुधा अशाच तापलेल्या दिवसाच्या शेवटीं. कडब्याची गंज झांकलेली असावी आणि गडगडाट ऐकूं येतांच माणसांनीं झाडाखालून निघून पक्क्या घरांत जावें. गुरेंहि एकट्या उंच झाडास बांधूं नयेत.

हा सर्व व्याप एका माणसाचा नव्हे. घरांतील स्त्रिया व मुलें हीं पहाटेपासून यांत राबत असतात. त्यांच्या विसाव्याची वेळहि धन्यानें जनावरांच्या पाण्याइतक्याच काळजीनें ठरवावी. २५ मेच्या सुमारास रोहिणी व ७-८ जूनला मृग निघतो. तोंवरचा प्रत्येक दिवस वर सांगितलेल्या क्रमानें गेला, तर पहिल्या पावसाच्या वेळीं गोठा भरलेला, बियाणें पारखलेलें व रोपांची जागा तयार असेल. आमच्या शेतकरी बंधूंनीं उद्यांच पहाटे पाण्याच्या भांड्यापासून आरंभ करावा.