कोलो टूरे: शेवटच्या रांगेत उभा राहणारा

सलाह, बेन्झेमा, माने ही नावे आपल्या घरांतल्या मुलांना पाठ असतात. एखाद्या बचावपटूचे नाव विचारा, मुले जरा थांबतात. त्यांचाही दोष नाही. गोल करणाऱ्याचा फोटो छापून येतो, गोल होऊ न देणाऱ्याचा येत नाही. बचावपटूने ८९ मिनिटे चोख काम केले आणि ९०व्या मिनिटाला त्याचा एक पास चुकला, तर दुसऱ्या दिवशी चर्चा त्या पासचीच होते. अशा कामात पंधरा वर्षे युरोपात टिकलेला आणि पाच क्लबांचा अंगरखा घातलेला एक माणूस आहे. त्याच्या हातून घडलेल्या चुका सगळ्या जगाने पाहिल्या, एका चुकीने तर त्याला सहा महिने मैदानाबाहेर बसवले. त्याचे नाव कोलो टूरे. धाकटा भाऊ याया जास्त प्रसिद्ध, पण मला थोरल्याची गोष्ट अधिक सांगण्यासारखी वाटते.

कोलोचा जन्म १९ मार्च १९८१ रोजी आयव्हरी कोस्टच्या बुआके शहरात झाला. बुआके हे देशाच्या मध्यभागातले मोठे शहर. तिथून वर उत्तरेकडे मुसलमान वस्ती जास्त, दक्षिणेकडे ख्रिस्ती जास्त. कोलोनंतर १९८३ साली याया आणि १९८५ साली इब्राहिम जन्मला. तिघेही फुटबॉल खेळू लागले. आबिजानच्या आसेक मिमोसा या क्लबने जाँ-मार्क गियू या फ्रेंच प्रशिक्षकाच्या हाताखाली मुलांसाठी अकादमी काढली होती. तिथे शाळा आणि फुटबॉल दोन्ही एकाच आवारात चाले. कोलो त्याच अकादमीतून घडला.

त्या काळात आयव्हरी कोस्टमध्ये 'खरा आयव्हरियन कोण' असा वाद राजकारणाने पेटवला होता. टूरे, वतारा अशी उत्तरेकडची आडनावे असलेल्यांकडे परका म्हणून पाहिले जाई. त्यांची कागदपत्रे पुन्हा पुन्हा तपासली जात. आडनावावरून माणूस कुठला ते ठरवण्याचा हा प्रकार आपल्या वाचकांना फार समजावून सांगायला नको. सप्टेंबर २००२मध्ये यादवी युद्ध सुरू झाले आणि कोलोचे जन्मगाव बुआके बंडखोरांचे मुख्य ठाणे बनले. देशाचे दोन तुकडे झाले. राष्ट्रीय संघ मात्र एकच राहिला, त्यात दक्षिणेचा द्रोग्बाही होता आणि उत्तरेच्या नावाचे टूरे बंधूही. ऑक्टोबर २००५मध्ये हा संघ पहिल्यांदा विश्वचषकासाठी पात्र ठरला. त्या दिवशी खेळाडूंनी ड्रेसिंग रूममध्येच गुडघ्यांवर बसून, शस्त्रे खाली ठेवा, अशी देशाला विनंती केली. बोलणारा द्रोग्बा होता. पुढे ३ जून २००७ रोजी मादागास्करविरुद्धचा सामना मुद्दाम बुआकेत ठेवला गेला आणि सरकारी पाहुणे व बंडखोर एकाच मैदानात बसले. एका सामन्याने युद्ध मिटत नाही, तेव्हाही मिटले नाही. पण काही वर्षांपूर्वी जिथे गोळ्या चालल्या त्या गावात सगळा देश एका बाजूने ओरडला, हे घडले खरे.

कोलो लंडनला पोहोचला २००२च्या सुरुवातीला, आर्सेनलमध्ये चाचणीसाठी. ही हकिगत त्याचा सहकारी रे पार्लर याने अनेकदा सांगितली आहे आणि कोलोनेही तिला दुजोरा दिला आहे. सरावात वीस वर्षांच्या या पोराने आधी थिएरी ऑन्रीला जोरदार टॅकल केले, मग डेनिस बर्गकॅम्पला. इंग्लंडमधले दोन सर्वांत मौल्यवान पाय! सगळे त्याच्यावर ओरडले. पुढचा चेंडू घरंगळत प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांच्याकडे गेला आणि कोलोने त्यांनाही सोडले नाही. वेंगर लंगडत उपचारांसाठी गेले, कोलोला वाटले आपण संपलो. वेंगर यांनी मात्र त्याला संघात घेतले. किंमत होती दीड लाख पौंड. त्या बाजारात ही रक्कम चिल्लरच म्हणायची.

सुरुवातीला त्याची जागा ठरलेली नव्हती. कधी मधल्या फळीत, कधी उजव्या बाजूला, जिथे माणूस कमी तिथे कोलो. २००३च्या उन्हाळ्यात वेंगर यांनी त्याला सोल कॅम्पबेलच्या शेजारी बचावाच्या मध्यभागी उभे केले आणि जोडी जमली. कॅम्पबेल धिप्पाड, हवेतला चेंडू त्याचा. कोलो वेगवान. कॅम्पबेलच्या पाठीमागे चेंडू गेला की कोलो धावून तो गाठणार. २००३-०४च्या हंगामात आर्सेनल ३८ सामने खेळले, २६ जिंकले, १२ बरोबरीत सोडवले, एकही हरले नाहीत. कोलो त्यांपैकी ३७ सामन्यांत होता. लोकांना ऑन्रीचे गोल आठवतात. पण 'अजिंक्य' हे विशेषण गोल करून मिळत नाही, गोल न खाऊनच मिळते.

एप्रिल २००६मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत व्हियारेयालविरुद्ध आर्सेनलचा एकमेव गोल कोलोचा. हायबरी या जुन्या मैदानावरचा तो शेवटचा युरोपीय गोल ठरला. (त्याच सामन्यात एक खार मैदानात शिरली होती आणि प्रेक्षकांनी तिलाच जास्त टाळ्या वाजवल्या.) पॅरिसमधल्या अंतिम सामन्यात गोलरक्षक लेमान १८व्या मिनिटाला बाहेर काढला गेला. दहा जणांनी बार्सेलोनाला ७६व्या मिनिटापर्यंत रोखून धरले, मग चार मिनिटांत दोन गोल झाले.

त्याच्यात खोडीही होत्या. मैदानात सर्वांत शेवटी उतरायचे, ही त्याची समजूत. फेब्रुवारी २००९मध्ये रोमाविरुद्ध मध्यंतरानंतर गॅलास उपचार घेत आत थांबला, म्हणून कोलोही थांबला. आर्सेनलने दुसरा भाग नऊ खेळाडूंनी सुरू केला आणि कोलो परवानगीशिवाय आत धावला म्हणून पिवळे कार्ड! शकुन-अपशकुनाला आपल्या दीनमध्ये थारा नाही. पाचही नमाजांचा पाबंद माणूसही अशा एखाद्या गाठीत अडकतो खरा.

२००९मध्ये तो मँचेस्टर सिटीला गेला, सुमारे दीड कोटी पौंडांत, आणि लगेच कर्णधार झाला. पुढच्या वर्षी यायाही तिथे आला. दोन्ही भावांची नावे गुंफून प्रेक्षक एकच गाणे गाऊ लागले. कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले, त्याचे कोलोने अवडंबर केले नाही. मग मार्च २०११मध्ये बातमी आली की कोलो टूरे उत्तेजक चाचणीत अडकला.

त्याच्या लघवीत सापडले होते ते मूत्रल औषध. रक्तदाबासाठी किंवा अंगावरची सूज उतरवण्यासाठी डॉक्टर देतात ती गोळी, आपल्याकडे कितीतरी वडीलधाऱ्यांच्या डब्यात असते. तिने ताकद वाढत नाही. पण लघवी वाढल्याने दुसऱ्या औषधांचा माग पुसला जाऊ शकतो, म्हणून खेळाडूंना ती बंद आहे. कोलोला वजनाची काळजी होती. घरात पत्नी वजन कमी करण्यासाठी गोळ्या घेत होती, त्यांतल्या त्याने घेतल्या. वेंगर यांचा तो आता खेळाडू राहिला नव्हता, तरी त्यांनी जाहीरपणे त्याची बाजू घेतली. चौकशी समितीनेही मान्य केले की खेळात फायदा उठवण्याचा त्याचा हेतू नव्हता. तरी सहा महिन्यांची बंदी झाली, २ मार्चपासून मोजलेली. शरीरात जे जाते त्याची जबाबदारी खेळाडूचीच, हा नियम आहे. हेतू शुद्ध असेल तर शिक्षा कमी होते, गुन्हा पुसला जात नाही.

क्रिकेटप्रेमींना शेन वॉर्न आठवेल. २००३च्या विश्वचषकातून तो अशाच एका मूत्रल गोळीपायी घरी गेला होता आणि ती त्याला आईने दिली होती. त्याला एक वर्षाची बंदी झाली. जगातले दोन मोठे खेळाडू, दोघांचाही घात घरच्याच गोळीने केला, तीही प्रेमाने जवळ असलेल्या माणसाच्या डब्यातल्या. सासूची रक्तदाबाची गोळी सुनेने घेणे, बहिणीने मागवलेली 'वजन उतरवायची' पुडी भावाने घेणे आपल्या घरांत काही नवलाचे नाही. खेळाडूची निदान तपासणी होते. आपली होत नाही, एवढाच फरक.

त्या सहा महिन्यांत काय घडले पाहा. एप्रिलमध्ये एफए कपच्या उपांत्य फेरीत सिटीने मँचेस्टर युनायटेडला १-०ने हरवले, गोल यायाचा. १४ मे रोजी अंतिम सामन्यात स्टोकला १-०ने हरवले, तोही गोल यायाचा. क्लबचा ३५ वर्षांतला पहिला मोठा चषक धाकट्या भावाने आणला आणि थोरला बंदी भोगत होता. बंदी संपल्यावर तो परतला, पण मधल्या जागा आता कोंपनी आणि लेस्कॉट यांच्या होत्या. २०१२चे लीग विजेतेपद त्याच्या खात्यात आहे, बऱ्याच सामन्यांत राखीव बाकावर बसून मिळवलेले.

२०१३मध्ये लिव्हरपूल. वय ३२, मोबदल्याशिवाय झालेली बदली. २ फेब्रुवारी २०१४ रोजी वेस्ट ब्रॉमविरुद्ध लिव्हरपूल १-०ने पुढे होते. कोलोने आपल्याच गोलसमोरून आडवा पास दिला, तो थेट प्रतिस्पर्धी आनिचेबेच्या पायात. सामना १-१. दहा दिवसांनी फुलहॅमविरुद्ध त्याच्याकडून स्वतःच्याच जाळ्यात गोल झाला. तो सामना लिव्हरपूलने कसाबसा जिंकला. मे महिन्यात हिशेब लागला: सिटी ८६ गुण, लिव्हरपूल ८४. वेस्ट ब्रॉममध्ये गेलेले गुण नेमके दोन होते. गोलफरक सिटीचाच चांगला होता, त्यामुळे ते दोन गुण मिळाले असते तरी चषक गेलाच असता. पण हा हिशेब टीकाकार करत नाहीत. आणि चषक उचलणाऱ्यांत होता लीगमध्ये २० गोल केलेला याया. एका घरात अशी दोन ताटे एकाच वेळी वाढली गेली.

महिनाभरात हे सगळे क्षुल्लक ठरले. दोघे भाऊ विश्वचषकासाठी ब्राझीलमध्ये असताना १९ जून २०१४ रोजी धाकटा इब्राहिम मँचेस्टरमध्ये कर्करोगाने अल्लाहला प्यारा झाला. वय अवघे २८. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन. त्याच दिवशी आयव्हरी कोस्ट कोलंबियाकडून हरले होते. बातमी सामन्यानंतर समजली. दोघे संघासोबत थांबले. २४ जूनला ग्रीसविरुद्ध दोघेही मैदानात उतरले. बरोबरी झाली असती तरी देश पहिल्यांदा पुढच्या फेरीत गेला असता. जादा वेळेत पेनल्टी गेली, २-१ने हार झाली. जनाज्याला खांदा द्यायचा की देशाच्या संघाला, असा प्रश्न ज्यांच्यापुढे आला नाही त्यांनी त्यावर फार बोलू नये, असे मला वाटते.

कोलोची आफ्रिकी चषकाची कहाणी याहून लांब. २००६मध्ये कैरोतला अंतिम सामना पेनल्टींवर गेला. २०१२मध्ये लिब्रेव्हिलला आयव्हरी कोस्टने पूर्ण स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही, तरी झांबियाने पेनल्टींवर ८-७ने हरवले. अडवल्या गेलेल्या फटक्यांत कोलोचाही होता. तीन वर्षांनी, ८ फेब्रुवारी २०१५ रोजी बाता शहरात घानाविरुद्ध पुन्हा अंतिम सामना, पुन्हा ०-०, पुन्हा पेनल्टी. पहिले दोन फटके वाया गेले. कोलो ३३ वर्षांचा होता आणि मागचा फटका त्याला आठवत असणारच. तरी तो चालत गेला आणि चेंडू जाळ्यात घातला. अखेर गोलरक्षक बारीने आधी फटका अडवला, मग स्वतः मारला, ९-८. आयव्हरी कोस्ट २३ वर्षांनी विजेते झाले. त्यानंतर कोलोने राष्ट्रीय संघाला सलाम केला.

शेवटचा क्लब स्कॉटलंडचा सेल्टिक, २०१६-१७. सामने थोडेच मिळाले, पण तो संघही देशांतर्गत पूर्ण हंगामात अपराजित राहिला आणि तिन्ही चषक जिंकला. इंग्लंडमध्ये एक अजिंक्य हंगाम, स्कॉटलंडमध्ये दुसरा, मध्ये तेरा वर्षे.

या सगळ्या काळात तो रोजे ठेवत होता. रोज्याने आपली ताकद कमी होत नाही, उलट वाढते, असे त्याने मुलाखतीत सांगितले आहे. इंग्लंडमध्ये रमजान जुलै-ऑगस्टमध्ये आला की दिवस सोळा-सतरा तासांचा, आणि नेमकी तीच हंगामाच्या तयारीची वेळ. इफ्तारसाठी सामना थांबवण्याचा रिवाज तेव्हा नव्हता.

खेळणे सोडल्यावर तो प्रशिक्षक झाला, आधी सेल्टिकमध्ये, मग लेस्टरमध्ये. २६ एप्रिल २०२१ रोजी लेस्टरचा सामना क्रिस्टल पॅलेसशी होता आणि कोलो लेस्टरच्या प्रशिक्षकवर्गात होता. अर्ध्या तासाच्या सुमारास सूर्य मावळला. पॅलेसचा गोलरक्षक ग्वाइता याने गोलकिक मारायला मुद्दाम वेळ घेतला. तेवढ्यात लेस्टरचा तरुण बचावपटू वेस्ली फोफाना आणि पॅलेसचा शेख कुयाते यांनी बाजूला जाऊन रोजा सोडला. फोफानाने नंतर प्रतिस्पर्धी संघाचे जाहीर आभार मानले. सामना लेस्टरने २-१ने जिंकला.

मुख्य प्रशिक्षक म्हणून कोलोला पहिली संधी विगनमध्ये नोव्हेंबर २०२२ला मिळाली. नऊ सामन्यांत एकही विजय नाही, दोन महिन्यांच्या आत नोकरी गेली. मग तो मँचेस्टर सिटीच्या अकादमीत मुलांना शिकवू लागला आणि २०२५मध्ये पेप ग्वार्दिओला यांनी त्याला पहिल्या संघाच्या प्रशिक्षकवर्गात घेतले.