जाळ्याचे मूळ कोणते?

नेटवर्कच्या देखभालीसाठी नव्या ठिकाणी गेलो, की मी पहिला प्रश्न विचारतो, "तुमचा रूट स्विच कोणता?" बहुतेक ठिकाणी उत्तर मिळत नाही. आज त्याविषयीच बोलू.

संगणकांना एकमेकांशी जोडणारी पेटी म्हणजे स्विच. एक केबल तुटली तरी काम अडू नये, म्हणून स्विचमध्ये जादा वाटा ठेवतात. पण सर्वांसाठी आलेला निरोप स्विच प्रत्येक वाटेने पुढे पाठवतो. वाटा वर्तुळात जुळल्या, की तो फिरतच राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि क्षणार्धात सारे जाळे ठप्प होते.

यावर १९८५ साली रेडिया पर्लमन यांनी उपाय शोधला. त्याचे नाव स्पॅनिंग ट्री. यात स्विच आपापसांत एक मूळ, म्हणजे रूट, निवडतात. मुळाकडे जाणारी जवळची वाट चालू राहते, जादा वाटा बंद होतात. चालू वाट तुटली, तर बंद वाट आपोआप उघडते.

ही निवड कशी होते? ज्याचा प्राधान्यक्रमांक सर्वांत लहान, तो मूळ. कारखान्यातून येताना सगळ्यांचा क्रमांक सहसा ३२७६८ असतो. बरोबरी झाली, की लहान मॅक पत्त्याचा स्विच जिंकतो. तो अनेकदा सर्वांत जुना असतो! मग अडगळीतल्या स्विचवर साऱ्या वाहतुकीचा भार पडतो.

म्हणून मधल्या दणकट स्विचला ४०९६ आणि त्याच्या जोडीदाराला ८१९२ हा क्रमांक द्यावा. जुन्या पद्धतीत वाट बदलायला ३० ते ५० सेकंद लागतात. रॅपिड पद्धतीत हे काम बहुधा एक-दोन सेकंदांत होते, तेव्हा तीच निवडावी. टेबलावरच्या संगणकांच्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड लावावा. तिथे कुणी परस्पर स्विच जोडला, तर ते पोर्टच बंद होते.

एवढी काळजी कशाला, असे वाटेल. नोव्हेंबर २००२ मध्ये बोस्टनच्या बेथ इस्रायल डीकनेस रुग्णालयाचे जाळे कोलमडले. ते वाढत वाढत स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेले होते. दोन टोकांमध्ये सातपेक्षा जास्त स्विच नसावेत, हा संकेत मोडला होता. तिथल्या डॉक्टरांना आणि परिचारिकांना काही दिवस कागदावर काम चालवावे लागले.

स्पॅनिंग ट्री आपोआप चालते, हे खरे. पण मूळ कोणते, हे आपणच ठरवावे, आणि तो नकाशा कागदावर काढून भिंतीवर लावावा.