हँग होणाऱ्या संगणकाचा तपास

बिघाडांच्या दोन जाती असतात. पहिल्या जातीचा बिघाड सरळमार्गी असतो. दिवा लागत नाही, तार तुटलेली आहे, तार जोडली की दिवा लागतो. दुसऱ्या जातीचा बिघाड मात्र लहरी असतो. तो मनात येईल तेव्हा येतो आणि दुरुस्त करणारा माणूस समोर येऊन बसला की दडून बसतो! अशाच एका लहरी बिघाडाची ही हकिकत आहे.

आमच्या महाविद्यालयात भौतिकीच्या शेवटच्या वर्षातील चार विद्यार्थ्यांनी एक प्रकल्प घेतला होता. गायगर गणकाने पार्श्वभूमीवरील किरणोत्सर्ग रात्रंदिवस मोजायचा आणि दर मिनिटाची नोंद संगणकात साठवायची. त्यासाठी त्यांनी सुटे भाग आणून एक नवा संगणक जुळवला. जुळणीचे काम मुख्यतः एका विद्यार्थिनीने केले. संगणक सुरू झाला, पेढे वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पडदा जिथल्या तिथे थिजलेला. माऊस हलत नव्हता, कळफलक दाबून उपयोग नव्हता आणि पडद्यावरचे घड्याळ रात्री २ वाजून १७ मिनिटांवर थांबले होते. ज्याला आपण ‘संगणक हँग झाला’ म्हणतो, तोच हा प्रकार. बटण पाच सेकंद दाबून संगणक बंद केला व पुन्हा सुरू केला. तो नीट चालला, आणि संध्याकाळी पुन्हा थांबला.

मग जो तो आपापले निदान सांगू लागला. कोणी म्हणाले, व्हायरस आहे. कोणी म्हणाले, आपल्याकडची वीजच खराब. बहुतेकांचे म्हणणे मात्र एकच होते : ‘हिनेच जोडताना काहीतरी बिघडवले असणार.’ ती बिचारी रडकुंडीला आली. मी तिला म्हटले, ‘आरोप पुराव्याने सिद्ध व्हावा लागतो, आणि आरोप खोटा असेल तर तेही पुराव्यानेच कळते. तू एक वही घाल.’

पहिली पायरी : नोंद

संगणक हँग झाला की वहीत तीन गोष्टी लिहायच्या : वेळ, त्या वेळी चाललेले काम आणि सुरू केल्यापासून गेलेले तास. थांबलेले पडद्यावरचे घड्याळ इथे चांगला साक्षीदार ठरले. आठवडाभरात नऊ नोंदी झाल्या. मधली अंतरे चढत्या क्रमाने अशी होती : २, ३, ३, ५, ६, ८, ९, १३ आणि १९ तास. मधले मूल्य ६ तास. काम जड असो वा हलके, दिवस असो वा रात्र, त्यात काही नियम दिसेना. पण नियम नसणे हीसुद्धा माहितीच असते.

दुसरी पायरी : संशयितांची यादी

असा बिघाड मुख्यतः चार ठिकाणांहून येऊ शकतो : उष्णता, वीजपुरवठा, स्मृती म्हणजे रॅम, आणि साठवणीची डिस्क किंवा तिच्यावरील प्रोग्रॅम. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, असा आम्ही नियम केला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि संगणक सुधारला, तर गुण कोणाचा ते कळणार नाही.

प्रथम उष्णता. प्रोसेसरमध्येच तापमान मोजण्याची सोय असते. दर मिनिटाचे तापमान एका फाइलीत लिहिले जाईल अशी व्यवस्था केली. पुढच्या वेळी संगणक थांबला तेव्हा फाइलीतील शेवटची नोंद होती ५२ अंश सेल्सिअस. आजचे बरेच प्रोसेसर ९५ ते १०० अंशांच्या आसपास गेल्यावर स्वतःहून वेग कमी करतात. ५२ अंशांना भिण्याचे कारण नव्हते. म्हणजे प्रोसेसर व पंखा यांमधील लेप तिने नीट लावला होता, हेही त्याच आकड्याने सांगितले.

मग वीजपुरवठा. त्याच्या १२ व्होल्टच्या तारेवर ११.४ ते १२.६ व्होल्टपर्यंतचा फरक चालतो. आमच्या मल्टिमीटरने १२.१ दाखवले. पण एवढ्यावर समाधान मानू नये. मल्टिमीटर सावकाश चालणारे उपकरण आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता दाब घसरला तर त्याला पत्ताही लागत नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या, चांगल्या चालणाऱ्या संगणकाचा पॉवर सप्लाय याला जोडला आणि याचा त्याला. चार तासांनी आमचा संगणक पुन्हा थांबला. दुसरा मात्र मजेत चालू राहिला. पॉवर सप्लाय सुटला! (एक सूचना : पॉवर सप्लायची पेटी कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतील धारित्रांत धोकादायक प्रभार शिल्लक राहतो.)

तिसरी पायरी : स्मृतीची परीक्षा

रॅममध्ये माहितीचा प्रत्येक अंक, म्हणजे बिट, एका अतिसूक्ष्म धारित्रात प्रभाराच्या रूपाने राहतो. ढोबळपणे बोलायचे तर प्रभार असेल तर १, नसेल तर ०. ८ गिगाबाइटच्या एका पट्टीत अशी सुमारे ६,९०० कोटी धारित्रे असतात! ती गळक्या मडक्यांसारखी आहेत. म्हणून प्रत्येक मडके साधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत वाचून पुन्हा भरावे लागते. त्यातच वेगाची घाई. आमच्या पट्ट्यांवर ३२०० हा आकडा छापलेला होता. त्याचा अर्थ, प्रत्येक तारेवरून सेकंदाला ३२० कोटी बिटांची ये-जा. एका बिटाच्या वाट्याला आला जेमतेम ०.३१ नॅनोसेकंद. एवढ्या वेळात प्रकाशसुद्धा सुमारे ९ सेंटिमीटरच जातो!

या घाईत एखादा बिट चुकीचा वाचला गेला तर काय होईल? तो बिट एखाद्या अक्षराचा असेल तर ‘ए’च्या जागी ‘सी’ उमटेल. कारण संगणकात ‘ए’ म्हणजे १०००००१ आणि ‘सी’ म्हणजे १००००११, फरक एकाच बिटाचा. पण तो बिट एखाद्या आज्ञेचा किंवा पत्त्याचा असेल, तर प्रोसेसर भलत्याच वाटेला लागतो, एकाच फेऱ्यात गरगरत राहतो, किंवा कधीच न येणाऱ्या उत्तराची वाट पाहत बसतो. बाहेरून आपल्याला दिसतो तो थिजलेला पडदा.

मेमटेस्ट नावाचा एक प्रोग्रॅम मोफत मिळतो. तो पेन ड्राइव्हवरून थेट सुरू होतो, स्मृतीत ठरावीक नमुने लिहितो आणि परत वाचून ताडून पाहतो. पहिल्या दोन फेऱ्यांत एकही चूक निघाली नाही. मुले निराश झाली. तिसऱ्या फेरीत लाल अक्षरांत चुका उमटल्या! हा प्रोग्रॅम डिस्कवरच्या प्रणालीशिवाय चालतो. त्यामुळे या चुकांचा दोष डिस्कवर किंवा व्हायरसवर जात नव्हता.

पण दोष पट्टीचा की ती बसवण्याच्या खाचेचा? प्रयोगशाळेतील तराजू आठवा. दोन्ही पारडी सारखी आहेत का, ही शंका आली तर आपण वस्तू आणि वजन यांची अदलाबदल करतो. तेच इथे केले. पट्ट्यांना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावे दिली. ‘क’ एकटी पहिल्या खाचेत : चूक नाही. ‘ख’ एकटी त्याच खाचेत : चुका. मग दुसऱ्या खाचेत ‘क’ : चूक नाही. ‘ख’ : चुका. चूक खाचेपाशी थांबली नाही, पट्टीबरोबर चालत गेली. वेग कमी करून सेकंदाला सुमारे २१३ कोटींवर आणला, तेव्हा ‘ख’मध्येही चुका निघेनात. म्हणजे छापलेला वेग तिला झेपत नव्हता. जुळणीचा दोष नव्हता. दुकानदाराने हमीच्या कराराप्रमाणे दोन्ही पट्ट्या बदलून दिल्या.

शेवटची पायरी : बरा झाला हे कसे ओळखावे?

नव्या पट्ट्या घालून संगणक सहा तास अखंड चालला. मुले टाळ्या वाजवू लागली. मी म्हटले, ‘थांबा! आपल्या वहीत मधले अंतर किती आहे?’ सहा तास. म्हणजे बिघाड तसाच असता, तरी सहा तास निर्विघ्न जाण्याची शक्यता निम्मी होतीच. नाणे उडवून छापा पडण्याइतकी. बारा तास जाण्याची पाव, अठरा तासांची एक अष्टमांश. बिघाड केव्हाही येण्याचा संभव सारखाच असेल, तर हा हिशेब किरणोत्सर्गी पदार्थाच्या अर्धायुष्यासारखाच असतो. गायगर गणकाशेजारी बसून हे शिकायला मिळावे, हा योगायोगच!

शुक्रवारी रात्री ८ वाजता संगणक सुरू करून खोलीला कुलूप लावले. सोमवारी सकाळी ८ वाजता उघडले. मध्ये ६० तास, म्हणजे दहा अर्धायुष्ये. जुना बिघाड शिल्लक असूनही इतका वेळ संगणक चालण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. कुलूप त्या विद्यार्थिनीनेच काढले. पडद्यावरचे घड्याळ बरोबर वेळ दाखवत होते आणि नोंदींच्या ओळी दर मिनिटाला एक अशा वाढत होत्या.

तिने वहीत शेवटची ओळ लिहिली : ‘६० तास, बिघाड नाही.’ ‘आता बिघाड होणारच नाही’ असे तिने लिहिले नाही, याचा मला विशेष आनंद झाला. तुमच्या घरी किंवा शाळेत असा एखादा लहरी बिघाड असेल, तर कोणाला दोष देण्याआधी एक वही घाला.