सूक्ष्मयांत्रिक रिले

सूक्ष्मयांत्रिक रिले हा स्थिर विद्युत आकर्षणाने हलणाऱ्या सूक्ष्म तुळईच्या साहाय्याने विद्युत परिपथ जोडणारा व तोडणारा स्विच होय. त्याची लांबी सामान्यतः काही मायक्रोमीटर ते काहीशे मायक्रोमीटर असते (१ मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ट्रान्झिस्टर बंद असतानाही त्यातून अल्पसा गळती प्रवाह वाहत राहतो. या रिलेत मात्र संपर्कांमध्ये प्रत्यक्ष फट असल्याने गळती जवळजवळ शून्य असते. एकदा टेकलेले संपर्क पुन्हा खात्रीने सुटणे ही त्याच्या रचनेतील मुख्य अडचण आहे.

रचना

नेहमीच्या रिलेमध्ये तारेच्या गुंडाळीतून प्रवाह सोडून विद्युतचुंबक तयार केला जातो. सूक्ष्म आकारात असे वेढे बसविणे कठीण असते आणि प्रवाह चालू असेपर्यंत गुंडाळी तापत राहते. स्थिर विद्युत आकर्षणासाठी समोरासमोर ठेवलेल्या दोन पट्टिका पुरतात. त्यांच्यावर भार साठला की प्रवाह थांबतो. त्यामुळे रिले जोडलेल्या स्थितीत ठेवण्यास फारशी ऊर्जा लागत नाही.

रिलेचे तीन प्रमुख भाग असतात: एका किंवा दोन्ही टोकांना आधार दिलेली लवचीक तुळई, तिच्याखालील स्थिर पट्टिका (गेट) आणि धातूचे संपर्क. संपर्कांमधील फट गेटवरील फटीपेक्षा कमी ठेवतात. त्यामुळे तुळई आधी संपर्काला टेकते व गेटला स्पर्श करीत नाही.

कार्यपद्धती

गेट व तुळई यांच्यात विभवांतर लावले असता तुळई खाली ओढली जाते आणि तिची स्प्रिंगसारखी ताठरता तिला वर खेचते. स्प्रिंगचे बल विस्थापनाच्या सम प्रमाणात वाढते. आकर्षणाचे बल मात्र फटीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, म्हणजेच फट निम्मी झाली की ते चौपट होते. समांतर पट्टिकांच्या साध्या प्रतिमानात तुळईने मूळ फटीचा एक तृतीयांश भाग पार केला की समतोल टिकत नाही आणि ती एकदम खाली झेपावते. ज्या विभवांतराला हे घडते, त्यास ओढ-विभवांतर म्हणतात. त्याचा वर्ग तुळईच्या ताठरतेच्या व फटीच्या घनाच्या सम प्रमाणात, तर पट्टिकेच्या क्षेत्रफळाच्या व्यस्त प्रमाणात असतो.

उदाहरणार्थ, १०० × १०० मायक्रोमीटरची पट्टिका, २ मायक्रोमीटर फट आणि मीटरला २० न्यूटन ताठरता घेतल्यास ओढ-विभवांतर सुमारे २३ व्होल्ट येते. तुळई १.५ मायक्रोमीटर खाली जाऊन संपर्काला टेकत असेल, तर उरलेल्या अर्ध्या मायक्रोमीटर फटीत आकर्षण फार प्रबळ असते. म्हणून चिकटण्याचे बल दुर्लक्षिले तरी विभवांतर सुमारे १३ व्होल्टपर्यंत उतरल्याशिवाय संपर्क सुटत नाही. जोडण्याच्या व सुटण्याच्या विभवांतरांतील या फरकास पश्चता म्हणतात.

संपर्क चिकटण्याची समस्या

वरील उदाहरणात टेकलेल्या तुळईला परत खेचणारे बल केवळ ३० मायक्रोन्यूटन आहे. संपर्कांमधील चिकटण्याचे बल त्याहून अधिक झाल्यास विभवांतर शून्य केले तरी रिले उघडत नाही. कमी विभवांतरावर चालावा म्हणून फट १ मायक्रोमीटर केली, तर ओढ-विभवांतर सुमारे ८ व्होल्टपर्यंत उतरते. परंतु तुळईचा प्रवासही त्याच प्रमाणात घटल्याने परत खेचणारे बल निम्मे होते. म्हणजे रिले सहज जोडला जावा म्हणून केलेला बदल त्याच्या सुटण्याच्या आड येतो.

संपर्काच्या धातूबाबतही असाच पेच असतो. सोन्याचा विद्युत रोध कमी असतो, पण ते मऊ असल्याने चिकटण्याची शक्यता अधिक असते. रुथेनियम किंवा टंगस्टन यांसारखे कठीण धातू कमी चिकटतात व कमी झिजतात, पण त्यांचा संपर्क-रोध जास्त असतो. प्रवाह चालू असताना संपर्क उघडल्यास धातू वितळून सांधला जाऊ शकतो. ओलावा व सेंद्रिय बाष्प टाळण्यासाठी रिले हवाबंद आवरणात ठेवतात.

निर्मिती

सिलिकॉनच्या चकतीवर आधी गेट व खालचे संपर्क तयार करतात. त्यांवर एक तात्पुरता थर आणि त्या थरावर तुळई घडवितात. शेवटी तात्पुरता थर रसायनाने काढून टाकला की तुळई मोकळी होते. हा थर द्रवाने काढल्यास वाळताना द्रवाचे पृष्ठताण तुळईला खाली ओढून चिकटवू शकते. म्हणून बाष्परूप रसायन किंवा विशेष शुष्कन पद्धत वापरतात. या प्रक्रियांसाठी धूळविरहित स्वच्छ कक्ष लागतो. महाराष्ट्रात पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथे सूक्ष्म व अब्जांश उपकरणे घडविण्याची अशी सुविधा आहे. तेथील नॅनोइलेक्ट्रॉनिक्स केंद्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेसह २००६ मध्ये केंद्र शासनाच्या साहाय्याने सुरू झाले. अन्य संस्थांतील संशोधक व विद्यार्थ्यांनाही या केंद्रांची साधने वापरता यावीत, यासाठी स्वतंत्र कार्यक्रम राबविण्यात आला.

इतिहास व उपयोग

वेस्टिंगहाउस कंपनीतील हार्वी नॅथनसन व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये स्थिर विद्युत बलाने कंप पावणाऱ्या तुळईचा ट्रान्झिस्टर सविस्तर मांडला. आयबीएममधील कर्ट पीटरसन यांनी १९७९ मध्ये सिलिकॉनवरील सूक्ष्मयांत्रिक स्विचांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज असे स्विच मुख्यतः उच्च वारंवारतेचे रेडिओ संदेश वळविण्यासाठी आणि चाचणी उपकरणांत वापरले जातात.

संगणकीय तर्कपरिपथांसाठीही अशा रिलेंचा अभ्यास सुरू आहे. नेहमीच्या ट्रान्झिस्टरमध्ये सामान्य तापमानाला प्रवाह दसपट बदलण्यास किमान सुमारे ६० मिलिव्होल्ट लागतात. यांत्रिक रिलेला ही मर्यादा नसते. मात्र तुळई प्रत्यक्ष हलावी लागत असल्याने रिले ट्रान्झिस्टरपेक्षा बराच मंद असतो. त्यामुळे वेगापेक्षा ऊर्जेची बचत किंवा उच्च तापमानात टिकणे महत्त्वाचे असते, अशा ठिकाणी तो अधिक उपयुक्त मानला जातो.