नोकरी सुटते, बंधन किती उरते?

नोकरी सोडल्यावर प्रतिस्पर्धी कंपनीत जायचे नाही, ही अट अनेक नेमणूकपत्रांत असते. सही झाली म्हणून ती कोर्टात टिकतेच असे नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कायदेशीर व्यवसाय, व्यापार किंवा धंदा करण्यास मज्जाव करणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल असतो. धंद्याचा नावलौकिक विकणाऱ्याने त्याच परिसरात तोच धंदा न करण्याचे मान्य केले, तर मात्र वाजवी मर्यादेत तो करार चालतो.

या विषयातला पायाभूत निकाल कल्याणच्या एका नोकरीवरून झाला. सेंच्युरी स्पिनिंगने टायरकॉर्डचा धागा बनवण्याचे तंत्र नेदरलँड्स व जर्मनीच्या कंपन्यांकडून घेतले होते आणि ते गुप्त राखण्याची हमी दिली होती. निरंजन शंकर गोलिकरी १९६३ मध्ये पाच वर्षांच्या करारावर शिफ्ट सुपरवायझर म्हणून लागले. प्रशिक्षण घेऊन १९६४ मध्ये ते नोकरी सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेले. कंपनीने दावा लावला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मनाई हुकूम कायम ठेवला. पण तो कराराची मुदत संपेपर्यंत, म्हणजे १५ मार्च १९६८ पर्यंतच, आणि तशाच कामापुरता होता. दुसरे काम करायला त्यांना मोकळीक होती.

मुदत संपल्यानंतरच्या बंधनाकडे न्यायालये कठोरपणे पाहतात. श्रीरामपूरचा क्रिकेटपटू झहीर खान आणि त्याच्या जाहिरातींचे काम पाहणारी कंपनी पर्सेप्ट डी'मार्क यांच्या वादात, करार संपल्यावरही नव्या प्रस्तावावर जुन्या कंपनीचा पहिला हक्क सांगणारी अट २००६ मध्ये टिकली नाही. ठरावीक काळ नोकरी करण्याचा बाँड ही वेगळी बाब. विजया बँकेचा तीन वर्षांचा, मुदतीआधी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याचा बाँड सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वैध मानला. त्यात दुसरीकडे नोकरी करायला बंदी नव्हती.

गोपनीय माहितीचे बंधन मात्र नोकरी सुटल्यावरही राहू शकते. उदाहरणार्थ, मुक्ताईनगरच्या केळीपट्ट्यात टिश्यू कल्चरची रोपे सर्वांच्या परिचयाची आहेत. अशी रोपे तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत शिकलेल्या तंत्रज्ञाच्या हाताला बसलेले कसब त्याचेच. ते घेऊन तो कुठेही काम करू शकतो. पण मालकाने जपलेले पोषक माध्यमाचे नेमके प्रमाण किंवा ग्राहकांची दरासह यादी पेनड्राइव्हवर उतरवून नेली, तर तो विश्वासभंग ठरू शकतो. माहिती खरोखर गुप्त होती, ती विश्वासाने दिली होती आणि तिचा गैरवापर झाला वा होऊ घातला आहे, हे मालकाने दाखवावे लागते. सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टीवर 'गोपनीय' असा शिक्का मारून भागत नाही.

व्यापारगुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. करार, विश्वासभंगाची तत्त्वे, कॉपीराइट आणि माहिती तंत्रज्ञान कायदा यांवर दावे उभे राहतात. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील २८९व्या अहवालात अशा कायद्याचा मसुदा सुचवला आहे. तो कायदा होईपर्यंत सही करणाऱ्याने बंधन नोकरीच्या काळापुरते आहे की नंतरचेही, नेमकी कोणती माहिती गोपनीय आहे आणि बाँडची रक्कम किती, या तीन गोष्टी आधी वाचाव्यात.