मोटारीचें तेल केव्हां बदलावें?

मोटार ही आतां केवळ धनिकांच्या दाराशीं दिसणारी वस्तु राहिलेली नाहीं. मध्यम स्थितींतील कुटुंबांतही ती आली आहे, आणि तिच्याबरोबर एक प्रश्नही घरांत आला आहे. इंजिनांतील तेल किती किलोमीटरांनीं बदलावें? मिस्त्री म्हणतो, पांच हजारांनीं. मोटारीबरोबर मिळालेली पुस्तिका बहुधा दहा हजार सांगते. शेजारी म्हणतात, आमची गाडी तीन वर्षें त्याच तेलावर उत्तम चालली आहे. या तिघांत खरें कोणाचें? उत्तर पाठ करण्यापेक्षां तें काढावें कसें, हें समजून घेणें अधिक बरें.

प्रथम तेलाचें काम पाहूं. इंजिनांत दट्ट्या नळकांड्यांत मिनिटाला हजारों वेळां वरखालीं होत असतो. धातूवर धातु घासूं नये म्हणून त्यांच्यामध्यें तेलाचा पातळ पापुद्रा असावा लागतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांइतकीच असते. याखेरीज उष्णता वाहून नेणें, मळ धुणें आणि गंज रोखणें, हीं कामेंही तेलच करितें.

मग तें निकामी कशानें होतें? पुष्कळांची समजूत अशी कीं, तेल झिजतें. वस्तुतः झिजण्यापेक्षां तें दूषित अधिक होतें. एक लिटर पेट्रोल जळलें म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतें. त्यांतील बहुतेक वाफ धुराबरोबर निघून जाते. परंतु थोडी दट्ट्याच्या कड्यांमधून खालीं निसटून तेलांत मिसळते. तिच्या जोडीला न जळलेलें पेट्रोल, काजळी आणि आम्लेंही येतात. आम्ल मारण्यासाठीं आणि मळ तरंगत ठेवण्यासाठीं तेलांत कांहीं द्रव्यें मुद्दाम घातलेलीं असतात. तीं हळूहळू खर्च होतात. तीं संपलीं कीं तेलाची शक्ति संपली. म्हणून तेल काळें झालें एवढ्यावरून तें वायां गेलें असें समजूं नये. मळ पोटांत घेऊन काळें होणें हें त्याचें कर्तव्यच होय. डिझेलच्या गाडींत तर नवें तेलही लवकरच काळें पडतें. मात्र दूध घातलेल्या कॉफीसारखा रंग दिसला तर पाणी शिरलें आहे असें जाणून मिस्त्रीस दाखवावें.

इंजिन चांगलें तापलें म्हणजे तेलांतील पाणी व पेट्रोल उडून जातें. दोन-तीन किलोमीटरांच्या फेरींत इंजिन तितकें तापतच नाहीं. यावरून एक विलक्षण गोष्ट निष्पन्न होते: जी मोटार कमी चालते तिचें तेल लवकर बिघडूं शकतें.

हा धडा मीं स्वतः महाग मोलानें घेतला आहे. माझी मोटार मंडईपर्यंत आणि देवळापर्यंत जाई. दोन वर्षांत तीन हजार किलोमीटरही भरले नाहींत. तेव्हां दहा हजारांस अजून अवकाश आहे असा हिशेब करून मी स्वस्थ राहिलों. पुढें एका पावसाळ्यांत घाट चढतांना तेलाचा लाल दिवा लागला. माथ्यावर पोंचल्यावर पाहूं, म्हणून मीं गाडी तशीच हांकली. तळाशीं सांचलेल्या चिखलासारख्या गाळानें तेलाची वाट बुजली होती आणि बेअरिंगें जळालीं होतीं. दुरुस्तींत निवृत्तिवेतनाचे कित्येक महिने गेले. घरीं येऊन पुस्तिका उघडली, तों त्याच ओळींत पुढें छापलेलें होतें: ‘किंवा बारा महिने, यांपैकीं जें आधीं होईल तें.’ प्रश्न शेवटपर्यंत वाचा, असें मुलांना जन्मभर सांगणाऱ्या शिक्षकानें ती ओळ अर्धीच वाचली होती!

आतां थोडें गणित करूं. ताशीं सरासरी ५० किलोमीटर वेगानें महामार्गावर धांवणाऱ्या गाडीस १०,००० किलोमीटरांना २०० तास लागतात. शहराच्या गर्दींत हीच सरासरी १५ वर येते आणि तास भरतात सुमारें ६६७. आंकडा एकच, परंतु इंजिनाचे श्रम तिपटीहून अधिक. चौकांत उभ्या गाडीचे किलोमीटर वाढत नाहींत. तेल मात्र तापतच असतें.

मिस्त्रीचा पांच हजारांचा नियमही निराधार नव्हे. पूर्वींचीं तेलें आजच्याइतकीं टिकाऊ नव्हतीं, आणि कार्ब्युरेटर थंड इंजिनांत जादा पेट्रोल सोडी. आज दोन्ही गोष्टी सुधारल्या आहेत. म्हणून सरसकट पांच हजारांनीं तेल टाकून देणें ही पुष्कळदां उधळपट्टी ठरते.

तेव्हां निर्णय असा करावा. पुस्तिकेंतील किलोमीटर व महिने हे दोन्ही आंकडे पाहावे आणि जो आधीं पुरा होईल तो मानावा. आपली गाडी बहुधा आंखूड फेऱ्या, वाहतुकीची कोंडी, धूळ किंवा ओझ्यासह घाट यांत चालत असेल, तर पुस्तिकेंत ‘कठीण वापर’ म्हणून दिलेली मुदत पाळावी. ती पुष्कळदां निम्मी असते. तेलाचा प्रकारही पुस्तिका सांगेल तोच घ्यावा. कृत्रिम तेल उष्णतेस अधिक टिकतें, परंतु पाणी आणि मळ त्यालाही चुकत नाहींत. तेलाबरोबर त्याची गाळणीही बदलावी.

पंधरवड्यांतून एकदां सपाट जागीं, इंजिन बंद करून कांहीं मिनिटांनीं, मापाची पट्टी काढून पाहावी. लाल दिवा लागला तर त्याच क्षणीं बाजूस थांबून इंजिन बंद करावें. उतरलेलें तेल गटारांत ओतूं नये. २०१६ च्या नियमांप्रमाणें तो घातक कचरा आहे, आणि तो रीतसर गोळा करणाऱ्या कारखान्याकडेच द्यावा.

तेलाचा खर्च कांहीं हजारांचा, इंजिनाचा त्याच्या कित्येक पट. दोहोंमध्यें पुस्तिकेंतील एक ओळ उभी असते. ती मात्र पूर्ण वाचावी.