भरल्या पोटाचं दुखणं?

फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-लुक गोदार 13 सप्टेंबर 2022 रोजी गेला, तेव्हा 'ब्रेथलेस'मधले जम्पकट सगळ्यांना आठवले. 1967चा 'तिच्याविषयी मला ठाऊक असलेल्या दोन-तीन गोष्टी' फार थोड्यांना आठवला. ते मला लागलं, अजून लागतं.

असे सिनेमे दाखवणाऱ्या फिल्म सोसायट्यांच्या सुरुवातीच्या काळावर भरपूर लिहून झालंय. मुंबईचं 'प्रभात चित्र मंडळ' 1968चं. मग 16 मिलिमीटरच्या प्रिंट, प्रोजेक्टरची घरघर, रात्री उशिरापर्यंतच्या चर्चा. त्यात मी रमत नाही. माझं दशक नव्वदचं.

तेव्हा 'दोन-तीन गोष्टी' पुन्हा पाहिला. ज्युलिएत पॅरिसच्या वेशीवरच्या नव्या, अवाढव्य वसाहतीत राहणारी गृहिणी. नवरा आहे, मुलं आहेत. कपडेलत्ते, वस्तू घेता याव्यात म्हणून ती दिवसा शरीर विकते. गोदार तिची कीव करत नाही आणि तिला बोलही लावत नाही. कॅफेतला कॉफीचा कप पडदा व्यापतो, फेसाचे बुडबुडे गरगरत राहतात आणि गोदार स्वतः कुजबुजत्या आवाजात बोलत असतो. शेवटी हिरवळीवर घरगुती मालाची खोकी मांडलेली दिसतात, एखाद्या वसाहतीसारखी.

इथे मुंबईत 1982च्या गिरणी संपानंतर ओस पडलेल्या गिरण्यांच्या जमिनींवर तेच मांडणं सुरू झालं होतं. 1999 मध्ये हाजी अलीला क्रॉसरोड्स मॉल उघडला, तेव्हा मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड नसलेल्याला नुसतं आत शिरायला पैसे मोजावे लागत. वस्तू बघण्याआधी माणसाची ऐपत बघायची! 'हे भरल्या पोटाचं दुखणं, लालबाग-परळचा काय संबंध?' असं या सिनेमावरून आम्हाला सुनावणारे त्या वेळी कुठे होते? एकानंही अवाक्षर काढलं नाही. काही जण तर तोवर जाहिरातसंस्थांत स्थिरावले होते.

गोदारनंही जीन्सच्या जाहिराती केल्या, हे मला अनेकदा ऐकवलं जातं. केल्या. त्यामुळे 'पिएरो ल फू'मधला प्रसंग खोटा ठरत नाही. 1965च्या त्या सिनेमात पार्टीला जमलेली माणसं मोटारी आणि केसांच्या स्प्रेबद्दल जाहिरातीतली वाक्यं एकमेकांना ऐकवतात. आज सिनेमाच्या प्रसिद्धीला निघालेले नट-नट्या स्वतःबद्दल असंच बोलतात. समोर बसलेला, समीक्षक म्हणवणारा माणूस मान डोलावतो आणि निघताना सेल्फी मागतो. प्रसिद्धी हाच माल झाला आहे, आणि त्यावर चिडायला कुणाला फुरसत नाही. याची मला चीड येते.

महोत्सववाल्यांनी गोदारचे पोस्टर लावणं पुरे करावं. 'दोन-तीन गोष्टी' मराठी उपशीर्षकांसह लोअर परळमध्ये दाखवावा, ज्यांच्या बापजाद्यांनी तिथल्या गिरण्यांत पाळ्या केल्या त्यांच्यासाठी, विनातिकीट. आणि त्याआधी एकही जाहिरात नको.